फोन तुमचा, सही कुणाची?

मा. चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सर्व नवनिर्वाचित संचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी संस्थेसमोरच्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला आले होते. गुलाल पार कॅश काउंटरच्या काचेपर्यंत उडाला होता. हार, पेढे, फटाके, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा बादल्या ओतून पायऱ्या धूत होते, तरी फरशीच्या फटींत गुलाबी रेघ राहिलीच. दर निवडणुकीला राहते. एक पावसाळा गेला की जाते.

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्यातल्या निम्म्याअधिक जणांना मी शाळेच्या गणवेशात पाहिलंय. एकाचं बालबचत खातं तर मीच उघडलं होतं. तेव्हा ते वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून आले होते आणि पासबुकावर फोटो का नाही म्हणून रुसले होते. ते आता संचालक आहेत. वाचताना त्यांनी ओळखलं असेलच.

मी या संस्थेत १९८८ साली क्लार्क म्हणून लागले आणि २०२१ साली शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला कळलंच आहे, आणि दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांना आपापल्या गावची पतसंस्था आठवेल, तेही बरंच आहे.

काम आहे ते एका वहीचं. मीटर बोर्डाशेजारी जे लोखंडी कपाट आहे, ज्याचं दार लावताना गुडघ्यानं रेटावं लागतं, त्याच्या वरून दुसऱ्या कप्प्यात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. तिच्यावर माझ्या अक्षरात 'तोंडी सूचना' असं लिहिलंय. तुमच्या पहिल्या सभेआधी ती बाहेर काढा, एवढंच माझं मागणं. पण का, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, आणि त्यात माझीही थोडी अब्रू जाईल.

३१ मार्च २००३. सोमवार होता. शाखेत संगणक आला होता, पण मार्च एंडला त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. खतावण्या उघड्या, कॅल्क्युलेटरच्या कागदाची भेंडोळी जमिनीवर लोळतायत, टेबलाच्या कोपऱ्यावर भेळेचे पुडे. साडेआठच्या सुमाराला लँडलाइन वाजली. तेव्हाचे चेअरमन. म्हणाले, "मॅडम, ती पाच खाती आज रात्रीत नीट करून घ्या." बाकी काही नाही, जेवलात का विचारलं आणि फोन ठेवला.

नीट करून घ्या. या तीन शब्दांत बेकायदा असं काय आहे सांगा?

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना मी काय सांगणार, पण जे पहिल्यांदाच निवडून आलेत त्यांच्यासाठी लिहिते. आपल्या सहकारात याला 'नवं-जुनं' म्हणतात. कर्जदाराचे हप्ते थकलेले असतात. त्याच्याच नावे नवं कर्ज मंजूर करायचं आणि त्या रकमेतून जुनं खातं भरून घ्यायचं. एक नावे व्हाउचर, एक जमा व्हाउचर. गल्ल्यातली दहाची नोटसुद्धा हलत नाही, पण ताळेबंदातली थकबाकी नाहीशी होते. थकबाकी कमी दिसली की ऑडिटला 'अ' वर्ग. 'अ' वर्ग मिळाला की तो अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक छापायचा. आणि तो छापलेला 'अ' बघून भाजीवाली मावशी पिग्मी, म्हणजे रोजची बचत, पन्नासाची शंभर करते. दुष्काळात किंवा गारपिटीनंतर कर्जाचं पुनर्गठन होतं ते वेगळं. ते उघड होतं, ठराव करून होतं, कागदावर तसंच लिहिलं जातं. नवं-जुनं रात्री होतं.

ती पाच खाती मिळून १८ लाख ४० हजारांची होती. त्यातलं एक चेअरमनसाहेबांच्या साडूचं.

मी व्हाउचरं लिहायला दिली ती सगळ्यांत धाकट्या पोराला. आठ महिन्यांपूर्वी लागला होता, अक्षर मोत्यासारखं. त्यानं एवढंच विचारलं, "मॅडम, यांचे अर्ज?" मी म्हटलं, "उद्या येतील, तू लिही." त्यानं लिहिलं. व्हाउचरवर खाली दोन चौकोन असतात. 'तयार करणार' यात त्याची सही पडली, 'तपासणार' यात माझी. चेअरमनसाहेबांची सही कुठेच नव्हती. असणार कशी? व्हाउचरवर फोनसाठी चौकोन छापलेला नसतो.

अर्ज उद्याही आले नाहीत आणि परवाही.

तीन वर्षांनी मंडळात दुफळी झाली, तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे गेली, सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली, आणि मग ८८. ज्यांनी या वाटेनं प्रवास केलाय त्यांना हे दोन आकडे पुरेसे आहेत. ज्यांनी केला नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ८३ मध्ये काय झालं ते शोधतात, ८८ मध्ये कुणाच्या खिशातून भरून घ्यायचं ते ठरवतात. चेअरमनसाहेबांनी लेखी खुलासा दिला, "मी असे कोणतेही लेखी आदेश दिलेले नाहीत." शब्दन् शब्द खरा होता. मी आजही त्यांना खोटारडे म्हणू शकत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पण हे पत्र त्यांच्यावर राग काढायला लिहिलेलं नाही. ते आता नाहीत. मला सांगायचंय ते माझ्या जबाबाबद्दल. माझा जबाब असा होता: "सदर व्हाउचर लिपिकामार्फत तयार करण्यात आले असून त्यावर माझ्याकडून अनवधानाने सही झाली."

हे वाक्य मी घरी बसून दोन रात्री घडवलं होतं. आपली कार्यालयीन मराठी याबाबतीत फार कनवाळू आहे. 'करण्यात आले', 'निदर्शनास आले', 'राहून गेले', 'सही झाली'. सगळं आपोआप होतं, पाऊस पडल्यासारखं. करणारा माणूस वाक्यात लागतच नाही. आणि जिथे लागलाच, तिथे तो सगळ्यांत खालच्या पगाराचा असतो. माझ्याच वाक्यात बघा ना, माणूस म्हणावा असा एकच आहे, लिपिक. चेअरमन नाहीत. मी आहे, पण माझ्याकडून फक्त 'झाली' आहे.

चौकशीत जबाबाच्या प्रती एकमेकांना मिळाल्या. दुसऱ्या दिवशी तो पोरगा माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं भांडेल, रडेल. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही अनवधानाने लिहिलंय." आणि जागेवर जाऊन बसला. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, शाखाधिकारी होते, सहा माणसं माझ्या हाताखाली होती. त्या दिवसानंतर त्या सहांपैकी कुणी माझ्या शब्दावर काही लिहायला तयार होईल असं मलाच वाटेना.

पंधरा दिवसांनी मी पुरवणी जबाब दिला. फोन किती वाजता आला, काय शब्द होते, व्हाउचर मी सांगितलं म्हणून लिहिलं गेलं, अर्ज नाहीत हे मला ठाऊक होतं, सगळं. त्यामुळे तो ८८ मधून सुटला. माझ्या वाट्याला आलेली रक्कम पगारातून तीन वर्षं कापली गेली आणि दोन वेतनवाढी थांबल्या. पण तोवर त्यानं नोकरी सोडली होती. आज त्याचं तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मी सात-बारा काढायला गेले की पैसे घेत नाही. मी बळेच काउंटरवर ठेवून येते. पुरवणी जबाबाबद्दल त्यानं कधी एक शब्द काढला नाही. पहिला जबाब मात्र फाइलला अजून आहे. एकदा दिलेला कागद फाइलमधून निघत नाही.

त्या वर्षी मी बाजारातून ती लाल वही आणली. स्वतःच्या पैशानं, पंचावन्न रुपये.

पद्धत साधी होती. कुणाही पदाधिकाऱ्याचा फोन आला की तारीख, वेळ, कोण बोललं आणि काय शब्द, एवढं लिहायचं. आणि फोन ठेवायच्या आत म्हणायचं, "साहेब, नोंद करून घेते, खाते क्रमांक सांगता का?" तुम्हाला गंमत वाटेल, पण या एका वाक्यानंतर दहातले सात फोन तिथेच संपायचे. "असू द्या, असू द्या, उद्या मी येतोच आहे शाखेत." उद्या कुणी येत नसे. उरलेल्या तीन फोनांत खरोखरच काम असायचं. कुणाच्या घरी मयत झालेलं, कुणाला दवाखान्यासाठी ठेव मोडायची, पण पावती सापडत नाही. ती कामं मी वहीत लिहून बेलाशक केली. पुढच्या वेळी साहेब शाखेत आले की त्या ओळीपुढे त्यांची सही घ्यायची. काहींनी हसत केली, एकांनी "मॅडम, तुम्ही आम्हाला चोर समजता का" विचारलं. मी म्हटलं, "नाही साहेब, मी स्वतःला विसरभोळी समजते." निवृत्त झाले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांत जेमतेम अकरा पानं भरली होती. वही दोनशे पानांची आहे.

माझ्यानंतर तिच्यात एकही ओळ पडलेली नाही, असं ऐकलं. हल्ली लँडलाइन कुणी लावतही नाही. व्हॉट्सॲप कॉल येतो, म्हणजे रेकॉर्ड व्हायची धास्ती नाही, किंवा मेसेज येतो आणि आठवड्यात आपोआप पुसला जातो. सोय वाढली आहे. चौकोन मात्र दोनच आहेत, तयार करणार आणि तपासणार, फक्त आता ते स्क्रीनवर आहेत आणि सहीऐवजी पासवर्ड आहे. काउंटरवरच्या मुलीचा पासवर्ड.

सगळेच अध्यक्ष तसे नसतात, हेही मला तितक्याच खात्रीनं सांगायचंय, कारण मी दुसऱ्या तऱ्हेचेही पाहिले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमचे चेअरमन एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींना बँकिंग काडीचं कळत नव्हतं आणि ते तसं बोलूनही दाखवत. पण त्यांना शाळेत हजेरीपट लिहायची सवय होती आणि ती त्यांनी इथेही सोडली नाही.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, न सांगता, संध्याकाळी सहाच्या सुमाराला छत्री घेऊन यायचे. कॅश बंद व्हायच्या वेळी. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशिअरकडे, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. गुरुजी खुर्ची ओढून बसायचे, चष्मा पुसायचे आणि बंडलं स्वतः मोजायचे. दहाच्या नोटांची बंडलंसुद्धा. थुंकी लावून मोजू नका म्हणून कॅशिअरला दटावायचे, तो ओला स्पंज पुढे करायचा. एकदा शंभराच्या गड्डीखाली चिठ्ठी निघाली: 'रु. २०,०००, सकाळी देतो', खाली एका संचालकांची आद्याक्षरं. कॅशिअर पांढराफटक पडला. आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा. गुरुजींनी कॅशिअरला एक अक्षर विचारलं नाही. रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं: 'रोख शिलकेत २०,००० कमी. त्या जागी श्री. अमुक, संचालक, यांची चिठ्ठी आढळली.' पूर्ण नाव, पुढे संचालक हा हुद्दा. मग त्या संचालकांच्या घरी चालत गेले. साडेसातला पैसे आले. तेही गुरुजींनी वेळेसकट लिहिलं.

मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली की त्या दिवशी त्यांनी कॅशिअरला वाचवलं होतं. गड्डीखाली चिठ्ठी सापडली की सवयीनं नाव कॅशिअरचं लागतं.

आता गुरुजींची दुसरी गोष्ट, आणि ती तितकी गोड नाही. एका होतकरू मुलाला पोल्ट्रीसाठी कर्ज द्यायचं त्यांच्या मनात होतं. तारण अपुरं आहे, असं तेव्हाच्या मॅनेजरांनी टिपणात लिहिलं. गुरुजींनी त्या टिपणाखाली लिहिलं: 'व्यवस्थापकांचे मत विरुद्ध आहे. तरीही मुलगा माझा विद्यार्थी असून त्याच्या कष्टांवर माझा विश्वास आहे. मंजुरीची शिफारस माझी आहे.' आणि सही. कर्ज बुडालं. मुलगा खरंच कष्टाळू होता, पण पक्ष्यांत रोग आला आणि एका आठवड्यात शेड रिकामं झालं. वार्षिक सभेत कुणीतरी उठून मॅनेजरवर तुटून पडलं. गुरुजी माइकपाशी आले आणि म्हणाले, "मॅनेजरांनी नको म्हटलं होतं. मी हो म्हटलं. फाइल बघा." सभागृहात क्षणभर कुणी चहाचा कपही वाजवला नाही. पुढच्या निवडणुकीत गुरुजी पडले. त्या सभेमुळेच पडले, असं माझं मत. विरोधी पॅनेलनं तो पोल्ट्रीचा आकडा पत्रकात छापला होता, गुरुजींच्याच फाइलमधून घेतलेला.

तेव्हा लिहून दिल्यानं तुमची खुर्ची टिकेल, असं मी तुम्हाला सांगत नाही. ती कदाचित जाईल.

तुम्ही म्हणाल, मॅडम, एवढ्या छोट्या संस्थेला काय लावून धरलंय. पण मोठ्यांत वेगळं काही झालेलं नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले. पहिल्या दिवशी खातेदारांना सांगितलं गेलं की सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील. मुंबईत शाखांबाहेर रडणारी माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं साडेसहा हजार कोटींच्या वरचं कर्ज २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांच्या यादीआड लपवलं होतं. मी बातमी वाचताना त्या यादीशी अडखळले. २१ हजार नावं. व्यवस्थापकीय संचालक रात्री बसून २१ हजार नावं टाइप करत नाहीत. कुठल्या तरी टेबलावर, कुणाला तरी, कुणी तरी म्हटलं असणार, 'यादी जरा नीट करून घ्या.' आणि हे बाहेर कसं आलं, तर कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेपर्यंत गोष्ट पोचवली, असं तेव्हा छापून आलं होतं. मी ते कात्रण बरेच दिवस पाकिटात ठेवलं होतं. माझ्या हातून झालं नव्हतं ते त्यांनी केलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत तिजोरीतली १२२ कोटींची रोकड गेल्याची फिर्याद झाली. माझ्या डोळ्यांपुढे गुरुजींची छत्रीच आली.

त्या दोन्ही बँका होत्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो एक लाखच होता. आपली पतसंस्था बँक नव्हे. आपल्या ठेवीदाराला हा विमा नाही. आपल्या दारावर 'बँक' म्हणून येणाऱ्या निम्म्या बायकांना हे माहीत नाही, आणि आपण ते काउंटरवर मोठ्या अक्षरात लावलेलंही नाही. त्यांच्याकडे काय आहे, तर पिग्मी एजंटचा चेहरा. तो रोज संध्याकाळी मशीन घेऊन हातगाड्यांवरून फिरतो. एखादी विचारते, "काय भाऊ, संस्था बरी आहे ना?" तो म्हणतो, "एकदम." त्याला कुणी सांगितलं एकदम? अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या त्या 'अ'नं. संस्था बसली की दगड त्याच्या घरावर पडतात, तुमच्या नाही, कारण मावशींना तुमचं घर माहीतच नसतं. २००६ मध्ये आमच्या एका एजंटनं दोन महिने दाढी वाढवून गावातून तोंड लपवत ये-जा केली होती. तेव्हा संस्था बसलीही नव्हती, नुसता प्रशासक आला होता.

आणखी एक. निवडून आलेल्या संचालकांकडून बंधपत्र घेत आलेत, की समितीच्या निर्णयांना आम्ही वैयक्तिक आणि सामूहिकरीत्या जबाबदार राहू. ही जबाबदारी त्याच सहकार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. तुमचीही भरून घेतली असतील. कशी भरून घेतात ते मी तेहेतीस वर्षं बघितलंय. क्लार्क मजकूर भरून ठेवतो, खाली पेन्सिलीनं फुली मारतो, संचालक मोटारसायकल चालू ठेवून आत येतात, फुलीवर सही करतात आणि जातात. खाली वाचतं कोण? आपल्याकडे कर्जदाराच्या अंगठ्याबद्दल फार बोललं जातं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. ज्या कागदावर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, त्यावर अंगठा उठवला म्हणून जमिनी गेल्या होत्या त्यांच्या. त्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या कायद्यात शेतकऱ्यांचे कर्जरोखे सरकारी माणसासमोर लिहिले जावेत अशी तरतूद करावी लागली. सहकारी पतपुरवठ्याचा पहिला कायदा तर १९०४ चा. म्हणजे ज्या सहकाराच्या नावानं तुम्ही परवा गुलाल उधळलात, त्याचं मूळच मुळी, कागद कुणी लिहिला आणि अंगठा कुणाचा घेतला, या भांडणात आहे. आज सुशिक्षित संचालक फुलीवर सही करतो आणि बी.कॉम. झालेली मुलगी फोनवरच्या शब्दावर पासवर्ड मारते. दोघांनाही आपण कशावर अंगठा देतोय ते ठाऊक नसतं. फरक एवढाच की संचालकाला वाचायची मुभा असते.

नोकरभरतीत नातेवाईक, संस्थेच्या गाडीत लग्नाला जाणं, दिवाळीचे पाकीट, यावर मी लिहू शकते, पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे आणि विरोधी पॅनेल त्यावर लिहीलच. नात्यातल्या कर्जाचं एवढंच सांगते. गुरुजी स्वतःच्या पुतण्याचा अर्ज आला की उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे, आणि परत आल्यावर सचिवांना विचारायचे, "मी बाहेर होतो हे इतिवृत्तात आलं का?" न आल्यास पुढचा विषय सुरू होऊ देत नसत. पुतण्याचा अर्ज दोनदा नामंजूर झाला. मंडळाला व्हरांड्यातल्या गुरुजींची भीती वाटायची असं नव्हे. पण ते खोलीत नसल्यामुळे मॅनेजरांना बोलता यायचं.

मला नेत्यांबद्दल एवढं एकच कळलंय, तेही उशिरा. खालच्या माणसाला तुमच्यासमोर 'अर्ज कुठे आहे' असं विचारता येतं का? त्या रात्री त्या पोरानं मला विचारलं होतं. मी 'उद्या येतील' म्हटलं. त्यानंतर त्यानं मला पुन्हा काही विचारलं नाही, थेट 'अनवधानाने'पर्यंत. आज काउंटरवर ज्या दोन नव्या मुली आहेत, त्यांतली धाकटी परवा माझ्या पासबुकात नोंद करताना म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे आता सगळं फोनवरच चालतं." कौतुकानं म्हणाली. मी काही बोलले नाही. पासबुक घेतलं आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

तुमची पहिली सभा मंगळवारी आहे असं नोटीस बोर्डावर वाचलं. विषयपत्रिकेत सह्यांचे अधिकार, बँक खाती, उपसमित्या, सत्कार असं सगळं आहे. त्यात एक विषय वाढवा. 'तोंडी सूचनांची नोंदवही पुन्हा सुरू करणे.' ठराव दोन ओळींचा पुरेल: पदाधिकाऱ्यांनी फोनवर किंवा मोबाइलवर दिलेली सूचना वहीत लिहिली जाईल, आणि सात दिवसांत सूचना देणाऱ्यानं तिथे सही केली नाही तर कर्मचारी ती पाळायला बांधील नसेल. सूचक म्हणून बालबचतवाल्यांनी उभं राहावं, असं मला वाटतं. त्यांना तेव्हापासूनच आपला फोटो हवा असतो, इथे नाव येईल.

माझी तेरा महिन्यांची ठेव येत्या ९ तारखेला संपते. निवृत्तीच्या पैशांतली आहे, लहान नाही. नूतनीकरणाला मी स्वतः येईन, आणि पावती पुढे करण्याआधी त्या धाकटीला विचारीन, वही कुठे ठेवलीस. तिनं टेबलावरून उचलून दाखवली, तर पुढचे तेरा महिने. "कसली वही?" म्हणाली, तर मी स्लिप भरून पैसे काढून घेईन. ते घ्यायला कुणाचा फोन लागणार नाही, माझी सही पुरेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद, ठेवीदार आणि निवृत्त शाखाधिकारी

ता. क. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे आहे. वही शोधताना बाजूचं ठराव-बुक अंगावर पडतं, एका हातानं धरा.